ऑगस्टमध्ये सायक्लेडीज: सात दिवसांत सांतोरिनी गाठायची का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याचं सहा जणांचं कुटुंब: दोन भाऊ, दोघांच्या बायका, 14 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांची आई. थोरल्या भावाचा मुंबई बंदरात डिंगीवर, म्हणजे लहानशा शिडाच्या होडीवर, चांगला हात बसलेला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अथेन्सजवळच्या लाव्रिओहून 40 फुटी शिडाची यॉट स्किपरशिवाय, म्हणजे भाड्याच्या कप्तानाशिवाय, घ्यायची आणि शनिवार ते शनिवार किथ्नोस, सिरोस, मिकोनोस, नाक्सोस, सांतोरिनी ही ग्रीसच्या सायक्लेडीज द्वीपसमूहातली बेटं करून परत लाव्रिओ गाठायचं. जमेल का?

बोट जमेल, आईही जमतील. या तारखांना हा मार्ग मात्र जमणार नाही. मी दर उन्हाळ्यात याच पाण्यात भाड्याच्या बोटींवर स्किपर म्हणून असतो, आणि ऑगस्टमध्ये असे आराखडे बुधवारी कुठे अडकतात हे पाठ झालंय. नाक्सोसच्या धक्क्यावर. पुढे जाता येतं, मागे फिरता येत नाही, आणि शनिवारी सकाळी बोट परत द्यायची असते.

कारण वारा. एजियन समुद्रात जून ते सप्टेंबर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो भरात असतो. बाल्कन प्रदेशावर जास्त दाब आणि तुर्कस्तानावर कमी दाब, या दोघांच्या चिमट्यातून हवा दक्षिणेकडे ढकलली जाते. तुर्कस्तानावरचा हा कमी दाब म्हणजे वायव्य भारत-पाकिस्तानपासून इराण-इराकवरून तिथपर्यंत पसरलेल्या उन्हाळी पट्ट्याचं पश्चिमेकडचं टोक. म्हणजे आपल्याकडे पाऊस खेचून आणणाऱ्या व्यवस्थेचाच तो भाग. आपल्याकडे मॉन्सून जोरात असतो त्याच महिन्यांत तिकडे निळ्याभोर आभाळाखाली शिडं फाटतात.

निळं आभाळ हीच खरी गोम. आपल्या कोकणातल्या माणसाला वाऱ्याआधी ढग दिसायची सवय. मेल्तेमीला ढग लागत नाही. ऊन लख्ख, हवा स्वच्छ, शेजारचं बेट हातावर असल्यासारखं दिसतंय आणि वारा 30 नॉट, म्हणजे ताशी 30 सागरी मैल. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर 5 ते 6 म्हणजे 17 ते 27 नॉट, हे ऑगस्टमधलं नेहमीचं. 7 वरचेवर, 8 अधूनमधून. एकदा लागला की तीन-चार दिवस लागतो, कधी आठवडाभर. सौम्य असेल तर रात्री पडतो आणि पहाटे समुद्र शांत मिळतो. जोरात असेल तर रात्रंदिवस सारखाच.

ही तक्रार फार जुनी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात डेमोस्थेनिस हा वक्ता अथेन्सच्या सभेत सांगत होता की मॅसिडोनियाचा राजा फिलिप मुद्दाम या वाऱ्यांच्या दिवसांत किंवा हिवाळ्यात हल्ला करतो, कारण तेव्हा आपलं आरमार उत्तरेला पोहोचूच शकत नाही. आता बोटीला इंजिन आहे, पण साधारण 40-50 अश्वशक्तीचं. समोरून 28 नॉट वारा आणि आखूड, उभ्या लाटा असतील तर 40 फुटी बोट कशीबशी तीन-साडेतीन नॉटने पुढे सरकते. दर तिसऱ्या लाटेवर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपटते आणि खाली केबिनमधलं सगळं जमिनीवर येतं.

आता तुमचा मार्ग बघा. लाव्रिओ ते सांतोरिनी सरळ रेषेत शंभरेक सागरी मैल, मिकोनोसवरून त्याहून जास्त. जाताना वारा पाठीशी किंवा कुशीला, त्यामुळे सगळे खूश. येताना तेच शंभर मैल वाऱ्याच्या तोंडावर किंवा जवळपास तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या रोखाने सरळ जात नाही, साधारण 45 अंशांवरून नागमोडी जाते, म्हणजे शंभराचे एकशेचाळीस होतात. आईंना आणि मुलीला घेऊन हे दोन-तीन दिवसांत करायचं? मी करणार नाही.

शिवाय सांतोरिनी बोटीने जाण्याची जागाच नव्हे. ज्वालामुखीच्या त्या कुंडात कड्याला लागूनच इतकं खोल आहे की नांगर टाकायला तळ सापडत नाही. दक्षिणेला व्लिहादा म्हणून छोटी मरिना आहे, ऑगस्टमध्ये तिथे बोटीला बोट खेटून उभ्या असतात. सांतोरिनी बघायचीच असेल तर सहलीच्या आधी किंवा नंतर फेरीबोटीने जा.

वारा पाठीशी असताना अजून एक फसगत होते, ती आकड्यांत सांगतो. खरा वारा 22 नॉट, बोट 7 नॉटने त्याच्याच दिशेने पळतेय. डेकवर जाणवतो 15. मुलगी पुढे ऊन खात बसलीय, पूर्ण शिडं वर आहेत, कुणी म्हणतं, काय मस्त चाललंय. मग बेटाचं टोक येतं आणि बंदरात शिरायला बोट वाऱ्याकडे वळवावी लागते. क्षणात डेकवरचा वारा 27 होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावरचा भार तिपटीहून अधिक. बोट आडवी झुकते, मुख्य शीड आवरत नाही, आणि हे सगळं खडकांपासून अर्ध्या मैलावर. म्हणून नियम असा: रीफ करायचा, म्हणजे शीड आखडून लहान करायचा, विचार मनात आला की तेव्हाच रीफ करा, पाठीवरच्या वाऱ्यातही. डिंगीवर शिकलेल्या माणसाला इथे सवय मोडावी लागते, कारण डिंगीत आपण अंग बाहेर टाकून बोट सरळ करतो. नऊ-दहा टनांच्या यॉटला तुमच्या वजनाचं काही वाटत नाही.

बेटाच्या आडोशाबद्दलही गैरसमज असतो. नकाशावर दक्षिणेचा उपसागर दिसला की वाटतं वारा अडला. लाट अडते, वारा नाही. उंच बेटाच्या दक्षिण बाजूला तो डोंगरावरून खाली कोसळतो, बाहेर खुल्या समुद्रात असतो त्याहूनही जोरात, आणि दर झोताची दिशा वेगळी. नाक्सोसचा झास डोंगर हजार मीटरचा. त्याच्या दक्षिणेला कालान्दोसच्या उपसागरात पाणी तळ्यासारखं सपाट आणि वर 35 नॉटचे फटकारे, हे दृश्य नेहमीचं. ठेंगण्या बेटांच्या आडोशाला उलट निवांत झोप लागते.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली, आणि मला सर्वांत पसंत: तारखा बदला. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि हा मराठी कुटुंबांसाठी मोठाच फायदा आहे. मेची अखेर आणि जूनचा पहिला आठवडा मेल्तेमी भरात येण्याआधीचा. वारा बहुधा 10 ते 18 नॉट, अधूनमधून अजिबात नाही. दिवस लांब, धक्क्यांवर जागा, बोटीचं भाडं ऑगस्टपेक्षा बरंच कमी. एकच उणं, समुद्र 20-21 अंशांच्या आसपास असतो, गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्याला उडी मारताना ओरडायला होतं. मुलीची शाळा अडचण नसेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडाही चांगला. पाणी तेव्हा उबदार असतं.

दुसरी: ऑगस्टच हवा असेल तर सायक्लेडीज सोडा आणि सारोनिक आखात धरा. अथेन्सच्या अलिमोस मरिनातून निघायचं. एजिना, पोरोस, इद्रा, आणि मुख्य भूमीवरचं जुनं एपिदाव्रोस. अॅटिकाचा, म्हणजे अथेन्सभोवतालचा, जमिनीचा तुकडा मध्ये असल्याने मेल्तेमी इथे बराच निवतो. टप्पे दहा ते सतरा मैलांचे, म्हणजे दोन ते चार तास. एपिदाव्रोसला नांगर टाकून टॅक्सीने प्राचीन नाट्यगृह बघता येतं. एजिनाचे पिस्ते धक्क्यावरच विकत मिळतात. इद्रा बेटावर मोटारगाड्या नाहीत, सामान खेचरांवरून जातं. पण तिथलं बंदर इवलंसं आहे, बोटी दोन-तीन रांगांत एकमेकींना बांधतात, सकाळी नांगर एकमेकांत गुंतलेले. तिथे रात्र काढू नका, पोरोसहून फेरीने जाऊन या. आयोनियन समुद्रही सोपा: लेफकादाहून मेगानिसी, इथाका, केफालोनियाचं फिस्कार्दो. वारा दुपारी उठतो, संध्याकाळी पडतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिकडे जाणार असाल तर मात्र अंदाज रोज बघा. 2020च्या सप्टेंबरमध्ये इआनोस नावाच्या भूमध्यसागरी वादळाने याच बेटांना झोडपलं होतं.

तिसरी वाट अशा लोकांसाठी, ज्यांच्या डोळ्यांसमोर पांढरी घरं आणि निळे घुमटच आहेत. तर मग लाव्रिओहून निघूच नका. फेरीने पिरेअसहून पारोसला जा, साधारण चार तास लागतात, आणि बोट पारोसहून घ्या. दक्षिणेला येण्याचा आणि परत चढण्याचा सगळा खर्च फेरी उचलते. तुमच्या हाती सात दिवस उरतात ते लहान सायक्लेडीजसाठी: इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसिया, दोनूसा. एकेका बेटावर गाव म्हणजे चार गल्ल्या, एक बेकरी, दोन-तीन खानावळी.

मी पहिल्या दिवशी पारोसहून अँटिपारोसच्या दक्षिणेला देस्पोतिको बेटाच्या आडोशाला जातो. बेट निर्मनुष्य आहे, पण त्यावर अपोलोचं प्राचीन देवस्थान उत्खननात निघालंय. उत्तरेच्या वाऱ्यात तिथे उत्तम झोप लागते. दुसऱ्या दिवशी वारा कुशीवर घेऊन वीसेक मैल पूर्वेला इराक्लिया. त्याच्या नैर्ऋत्येला अलिमिया उपसागरात दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन समुद्री विमान पाण्याखाली पडलंय, दहाएक मीटरवर. पाणी इतकं नितळ की मास्क लावून वरूनच पंख दिसतात. मुलीला हे सांगू नका, नुसतं पाण्यात उतरवा. पुढे स्खिनूसा आणि कूफोनिसिया, दोन्ही टप्पे तास-दीड तासाचे. समोर केरोस दिसतो. सायक्लेडीजच्या त्या हाताची घडी घातलेल्या संगमरवरी मूर्तींचे तुकडे जिथे ढिगांनी सापडले ते हे बेट. संरक्षित पुरातत्त्वस्थळ आहे, लांबूनच बघायचं.

परतीचा टप्पा पारोस आणि नाक्सोसच्या मधल्या सामुद्रधुनीतून, उत्तरेकडे तोंड करून. तिथे वारा निमुळत्या जागेत शिरून आणखी वाढतो. म्हणून परतीला एक नव्हे, दोन दिवस राखा आणि पहाटे पाचला नांगर उचला. मेल्तेमी सौम्य असेल तर नऊच्या आत तुम्ही सामुद्रधुनीत, कॉफी हातात. नसेल तर दुसरा दिवस आहेच. दोन्ही दिवस वाया गेले तर कंपनीला फोन करून सांगायचं की अडकलोय. आणि हो, विमानाचं तिकीट शनिवारचं काढू नका, वारा जोरात असला की जलद फेरीबोटी रद्द होतात. ऑगस्टमध्येच जाणार असाल तर 15 तारीख टाळा. मरियमच्या सणाची मोठी सुट्टी, अर्धं ग्रीस बेटांवर असतं.

स्किपरशिवाय जाण्याबद्दल. ग्रीसमध्ये बेअरबोट, म्हणजे नुसती बोट, घ्यायला ती चालवणाऱ्याकडे मान्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय सोबत एक अनुभवी माणूस. ब्रिटनच्या आरवायए या संस्थेचं डे स्किपर प्रात्यक्षिक प्रमाणपत्र किंवा आयसीसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र चालतं, डिंगीचं चालत नाही. त्यामुळे पहिल्या खेपेला स्किपर घ्या. दिवसाला साधारण 200 युरो आणि त्याचं जेवण. त्याला झोपायला स्वतंत्र केबिन द्यायची असते, म्हणून तुम्हाला 40 फुटी पुरणार नाही. चार केबिनची, 45 फुटांच्या आसपासची बघा, आणि केबिनची वाटणी कागदावर करूनच बुक करा. आई आणि नात एका केबिनमध्ये. थोरल्या भावाने रोज सुकाणू धरावं, स्किपर शेजारी उभा. आठवड्यात जे शिकाल ते वर्गात शिकून होत नाही. कटमरानचा, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटीचा, मोह होईल. जागा प्रशस्त, झुकत नाही, पण भाडं बरंच जास्त, लहान बंदरांत मावत नाही आणि वाऱ्याच्या तोंडावर ती आणखीच रडते.

धक्क्याला लागणं हा खरा तमाशा. मुंबईत पाच-पाच मीटरची भरती-ओहोटी बघितलेल्याला इथे गंमत वाटेल: पाण्याची पातळी हलते ती वीत-दोन वीत. त्यामुळे बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या राहतात, पुढे नांगर आणि मागे दोन दोर. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर, ज्या जागेत शिरायचंय तिच्या बरोबर समोर, नांगर सोडायचा आणि सरळ मागे यायचं. पुढे नांगरावर उभ्या माणसाने साखळी सुटी सोडत राहायची. ती मध्येच अडली की नाळ खेचली जाते आणि बोट शेजाऱ्यावर आडवी जाते. आधी वाऱ्याच्या बाजूचा मागचा दोर धक्क्यावर, मग दुसरा, मग साखळी ताणून बोट धक्क्यापासून हातभर पुढे ओढायची. फेंडर, म्हणजे धक्के झेलणारे फुगे, दोन्ही बाजूंना, शिवाय एक मोकळा फेंडर कुणाच्या तरी हातात. आणि बोटीवर एकच माणूस बोलेल. सहा जणांनी सहा सूचना दिल्या की काय होतं ते बघायला शेजारच्या बोटीवरचे लोक वाइनचे ग्लास घेऊन बसलेलेच असतात.

उपसागरात नांगर टाकताना तळ बघा. काळपट डाग म्हणजे पोसिदोनिया हे समुद्रगवत. त्यात नांगर धरत नाही, आणि ते उपटणं समुद्राला घातक. फिकट निळा डाग म्हणजे वाळू, तिथे सोडा. पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट साखळी, मेल्तेमीत सातपट. मग इंजिन उलटं चालवून नांगर बसवायचा आणि मास्क लावून जाऊन बघायचं. हे काम चौदा वर्षांच्या मुलीला द्या, तिच्याइतकं चोख कुणी करणार नाही.

आईंसाठी दोन गोष्टी तपासा. धक्क्यावर उतरायची फळी अरुंद असते आणि हलते. तिला धरायला कठडा किंवा दोर आहे का ते कंपनीला आधी विचारा. केबिनमध्ये उतरायचा जिना उभा असतो, तो नेहमी पायऱ्यांकडे तोंड करून, शिडी उतरतात तसा उतरायचा. बोट लागण्याचं औषध डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच सुरू करा. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही.

पाण्याची टाकी साधारण 400 लिटरची, सात माणसांना काटकसरीने तीन दिवस. संडासात कागदसुद्धा टाकायचा नाही, नळी तुंबली की काढायला तुम्हीच. आपल्या पाणी वापरण्याच्या सवयीचा इथे फायदा होतो. बहुतेक बोटींच्या संडासात ओढून घ्यायचा हँडशॉवर असतो. छोटा कुकर घरून न्या. झाकण घट्ट बसतं, बोट डोलली तरी खिचडी जमिनीवर येत नाही. नांगरावर बसून पोहे, आणि संध्याकाळी गावात जेवण. शाकाहारी असाल तर मजाच: स्खिनूसाची फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं दाट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. आईंनी पहिल्याच घासाला फोडणी कुठाय असं विचारलं तर नवल नाही. शिवाय येमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो, आणि मोठे पांढरे घेवडे. पुढे कधी सिफ्नोसला गेलात तर रविवारी रेविथादा खा. काबुली हरभरे मातीच्या भांड्यात भरून शनिवारी रात्री लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चहून आल्यावर उघडतात.

रोज सकाळी आणि संध्याकाळी अंदाज बघा, ग्रीक हवामान खात्याचा आणि सागरी संशोधन केंद्राच्या पोसिदोन या प्रणालीचा. दोन्ही जुळले नाहीत तर वाईट असेल तो खरा धरा. भाड्याच्या करारात बहुधा कलम असतंच की 6 ब्यूफोर्टच्या वर बंदर सोडायचं नाही, आणि बंदर पोलीसही कधी कधी निघायला मनाई करतात. तटरक्षक दलाचा आणीबाणीचा क्रमांक 108, व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा, आणि क्रू लिस्टमधली नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी अक्षरश: जुळलेली. ताबा घेताना बोटीचा प्रत्येक ओरखडा, किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं इंजिन आणि नांगराची मोटर कंपनीच्या माणसासमोर मोबाइलवर चित्रित करून ठेवा, अनामत दोन-तीन हजार युरोंची असते. बोट शुक्रवारी संध्याकाळीच तळावर हवी. शुक्रवारी चारनंतर डिझेल पंपावर रांग लागते, दुपारी दोनच्या आत पोहोचा.

मे-जून ठरलं तर मार्चपर्यंत चार केबिनच्या बोटी सहज मिळतात. ऑगस्टचा सारोनिक ठरला तर जानेवारीतच अनामत भरा.